चिंचेत भिजवलेलं निकेल

आमच्या घरात संशय घेणं हा दुर्गुण मानत नसत. ऊस कारखान्यावर नेला की गाडी काट्यावर चढवायच्या आधी काटा शून्यावर आहे का ते माझे वडील बघत, आणि शून्यावर असला तर काटेवाल्याच्या तोंडाकडे बघत. आई दुकानातून गोडेतेल घ्यायची तर आधी मापाचा तळ बोटाने चाचपायची. अशा घरातली मुलगी पुढे रसायनशास्त्राकडे गेली याचं पुष्कळांना नवल वाटलं, मला वाटलं नाही. ज्याला त्याला ‘कशावरून?’ विचारायचं आणि वर त्याचे मार्क मिळवायचे, असा दुसरा विषय मला तरी माहीत नव्हता.

मी सांगते आहे तो बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा गाळप हंगाम. एम.एस्सी. होऊन मी नगरच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झाले होते. आठवडाभर मुलांकडून क्षार ओळखून घ्यायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीने देवळाली प्रवऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर यायचं. मला पीएच.डी. करायची होती. पुण्यातल्या एका प्राध्यापकांकडे एकच जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी आम्ही दोघं होतो. मी, आणि पुण्याचाच एक पहिल्या वर्गातला मुलगा. सर म्हणाले, “उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मी जागा भरत नाही. तोवर एक काम देतो. काही करून दाखवलंत तर जागा तुमची.”

नाही दाखवलं तर काय, हे सरांना माहीत नव्हतं, पण मला चांगलं माहीत होतं. राहात्याचं एक स्थळ घरी दोनदा जेवून गेलं होतं. मुलगा बरा होता, मळा मोठा होता, आणि त्याच्या आईला सून शिकलेली चालणार होती, शिकणारी नको होती. वडिलांनी मला सुट्टीपर्यंतची मुदत दिली होती. म्हणजे दोन्हीकडची मुदत एकच.

आता काम काय होतं ते सांगते. अवघड नाही. काही रेणू चपलांच्या जोडासारखे असतात. एक डाव्या पायाचा, एक उजव्या पायाचा. अणू तेवढेच, जोडणीही तीच, पण एकावर एक ठेवले तर जुळायचे नाहीत. आपल्या शरीराला हा फरक बरोबर कळतो. पुष्कळ औषधांतला एकच जण कामाचा असतो आणि दुसरा नुसता भार, कधी त्रासही. पंचाईत अशी की आपण प्रयोगशाळेत असा रेणू बनवायला गेलो की दोन्ही सारखेच बनतात. निकेलची बारीक भुकटी घ्यायची, तिच्या जोरावर हायड्रोजन जोडायचा, की निम्मे डावे, निम्मे उजवे. निकेलला पाय कळत नाहीत.

परदेशात त्या सुमारास रोडियम नावाचा धातू वापरून हे जमवायला लागले होते. धातूच्या अंगाला एकाच बाजूचा काहीतरी रेणू चिकटवायचा, म्हणजे धातू त्याच बाजूचा माल जास्त काढतो. सर म्हणाले, “रोडियम सोन्याहून महाग आहे, त्याचं नाव काढू नका. निकेल घ्या.” जपानात काही जणांनी निकेल टार्टरिक आम्लात भिजवून पाहिलं होतं. टार्टरिक आम्ल म्हणजे चिंचेतली आंबट चव. ते झाडाने बनवलेलं असतं आणि झाड एकाच बाजूचं बनवतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, यातलाच प्रकार. निकेलला चिंचेचा गुण लागतो का, लागला तर किती, हे मला करून दाखवायचं होतं.

बाजारात टार्टरिक आम्लाची बाटली मिळत होती. पण बाटलीवरच्या लेबलावर विश्वास ठेवायचा तर मी आमच्या घरची कसली? वडिलांना म्हटलं, बांधावरच्या झाडाची चिंच द्या. त्यांनी गोणीभर दिली. ती उकळून, गाळून, चुन्याच्या खडूने आम्ल खाली बसवून, पुन्हा गंधकाच्या आम्लाने सोडवून मी पांढरे स्वच्छ खडे काढले. आईला वाटलं पोर चिंचेचं सार करायला शिकतेय. तिला बरं वाटू दिलं.

निकेल मी कॉलेजात तयार करायची. निकेल-ॲल्युमिनियमची भुकटी कॉस्टिकमध्ये हळूहळू टाकली की ॲल्युमिनियम फसफसून निघून जातं आणि मागे काळं, छिद्राछिद्राचं निकेल राहतं. ते कायम ओलं ठेवावं लागतं. एकदा फिल्टर पेपरवर राहिलेलं चिमूटभर सुकलं आणि कचऱ्याच्या टोपलीत आपोआप पेटलं. तेव्हापासून आमचा शिपाई मला लांबूनच नमस्कार करायचा. ओलं निकेल आंबट पाण्यात गरम करून, धुऊन, बाटलीत भरून मी पुण्याला न्यायची. हायड्रोजन दाबाखाली भरायचं लोखंडी भांडं सरांच्या विभागात होतं. त्यात काम झालं की माल ऊर्ध्वपातित करायचा. शेवटी हाती यायचं ते चमचाभर पाण्यासारखं द्रव. पहिल्या खेपेला सर म्हणाले, “निम्मं माझ्याकडे राहू द्या, नमुना म्हणून.” मी निम्मं त्यांच्या कपाटात ठेवून आले.

आता हे द्रव डावं की उजवं, ते डोळ्यांना दिसत नाही. पण एका खास पद्धतीने चाळलेला उजेड त्यातून सोडला तर एका जातीने तो डावीकडे वळतो, दुसरीने उजवीकडे. दोन्ही सारखे असले तर वळतच नाही. जितकं वळण जास्त तितका माल एकजातीचा. हे मोजायचं यंत्र सरांच्या विभागात बिघडून पडलं होतं आणि आमच्या कॉलेजात नव्हतंच. पण साखरही उजेड वळवते. त्यामुळे ते यंत्र जिल्ह्यातल्या प्रत्येक साखर कारखान्यात होतं. उसाच्या रसात साखर किती हे त्याच्यावरूनच काढतात. त्याला ‘पोल घेणं’ म्हणतात.

आणि नेमक्या त्याच यंत्रावर माझ्या वडिलांचा सगळ्यात मोठा संशय होता.

पोलवरून रिकव्हरी, म्हणजे शंभर किलो उसामागे साखर किती, ती निघते आणि रिकव्हरीवर उसाचा भाव ठरतो. आमच्या भागातल्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा, तो सांगेल की लॅबवाले रिकव्हरी कमी दाखवतात. वडील सभासद होते, दर सभेत हा प्रश्न विचारायचे आणि दर सभेत त्यांना खाली बसवायचे. मी लॅबमध्ये जायचंय म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. एका संचालकाकडून त्यांनीच चिठ्ठी आणली आणि म्हणाले, “मी येतो संगं. ते लोक काय करत्यात ते मला बघायचंच हाय.”

“आण्णा, मला फक्त एक बाटली मोजायचीय.”

“तीच बाटली बदलत्याल. तुला कळायचं बी न्हाई.”

मला हसू आलं, पण आतून फार बरंही वाटलं. आण्णा कधी माझ्या शाळेत आले नव्हते. कॉलेजचं गॅदरिंग तर सोडाच. आणि आता ते पांढरं धोतर, ठेवणीतली टोपी घालून माझ्या कामाला निघाले होते.

चीफ केमिस्टांनी चिठ्ठी उलटसुलट वाचली. त्यांना काय वाटलं ते उघड होतं. हा म्हातारा सभेत ओरडतो, आता पोरीला पुढे करून लॅब बघायला आला. त्यांनी परवानगी दिली, पण एक अट घातली. बाहेरच्या माणसाने लाकडी कठड्याच्या अलीकडे थांबायचं, यंत्राला हात लावायचा नाही, रीडिंग शिफ्टचे केमिस्ट घेतील. शिफ्टचे केमिस्ट म्हणजे एक पन्नाशीचे, मफलर गुंडाळलेले, शांत गृहस्थ. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात दर थोड्या वेळाने त्यांच्यापुढे रसाच्या बाटल्या येत. त्या ओळीत माझी बाटली ठेवली गेली.

माझं द्रव चमचाभर आणि त्यांची काचेची नळी मोठी, म्हणून मी ते पाण्यात मिसळून आणलं होतं. थोडं धुरकट दिसत होतं. ते घेऊन ते फडताळाआड गेले, काही वेळाने भरलेली नळी घेऊन अंधाऱ्या खोलीत शिरले. आम्ही कठड्याशी उभे. वडील तेवढ्यात दुसऱ्या एका माणसाला रिकव्हरीचं विचारत होते आणि तो ‘साहेबांना विचारा’ म्हणत होता.

खोलीतून आवाज आला, “ताई, हे उलटं चाललंय!”

साखरेचा उजेड उजवीकडे वळतो. माझा डावीकडे गेला होता, आणि थोडाथोडका नाही. त्यांनी आकडा सांगितला. मी तिथेच कागदावर हिशेब केला. जवळजवळ सगळा माल डाव्या जातीचा. जपान्यांना जमलं नव्हतं ते आमच्या बांधावरच्या चिंचेने केलं होतं.

आनंद झाला. नाही म्हणणार नाही. राहात्याची सासू एकदम लांब गेली. पण कारखान्याच्या फाटकाबाहेर येईपर्यंत मी तो हिशेब आणखी दोनदा करून पाहिला. आमच्या घरात फार चांगली बातमी आली की आधी दार लावून घेतात. एवढा आकडा मला, नगरच्या कॉलेजात, कॉस्टिकने पोळलेल्या हातांनी, पहिल्याच खेपेला? वडिलांना तर खात्रीच होती.

“त्यांनी मुद्दाम जास्ती सांगितलंय.”

“का सांगतील?”

“मला गप करायला. पोरीचं काम झालं की म्हातारा सभेत बोलायचा न्हाई.”

हे मला त्या वेळी वेडेपणाचं वाटलं, आणि रात्रभर खरंही वाटत राहिलं.

पुण्याला जाऊन सरांना आकडा सांगितला. ते खुर्चीत मागे टेकले, चष्मा पुसला, म्हणाले, “छान. पुन्हा करून बघा.” चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, एवढं ऐकून माणूस उठून उभा राहायला हवा होता. मग वाटलं, यांना हे स्वतःच्या नावावर छापायचं असेल. त्या दिवसांत मला कुणाबद्दलही काहीही वाटू शकत होतं.

दुसऱ्या खेपेला मी दोन बाटल्या नेल्या. एकीत चिंचेत भिजवलेल्या निकेलचा नवा माल, दुसरीत साध्या, न भिजवलेल्या निकेलचा. दुसरीचं वळण शून्य यायला हवं. कुठली कुठली ते मी केमिस्टांना सांगितलं नाही, बाटल्यांवर नुसती फुलं आणि चांदण्या काढल्या होत्या. कठड्याशी आज दोन-तीन ऊसवालेही होते. त्यातला एक मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “ही बाई बाटलीतनं काय आनती? रसात मिसळत्यात का काय? रिकव्हरी खाली आली ती हिच्या पायीच.” वडील त्याच्या अंगावर गेले. “माझी पोरगी हाय ती. तिच्यावर बोट दाखवायचं काम न्हाई.” मी त्यांना आवरलं, पण डोळ्यांत पाणी आलं ते रागाने नव्हे. जन्मात कुणी माझ्या बाजूने इतक्या मोठ्याने बोललं नव्हतं.

आकडे आले. साध्याचा शून्य. भिजवलेल्याचा पुन्हा तसाच मोठा, डावीकडे.

कुणाही शहाण्या माणसाने इथे थांबावं. दोनदा तोच आकडा, आणि साध्या निकेलला शून्य. पण मी नळीतलं मोजून झालेलं पाणीही मागून परत घेतलं. इतक्या कष्टाचा माल कारखान्याच्या मोरीत का ओतू द्यायचा? ती बाटली नगरला नेऊन टेबलावर ठेवली, आणि सोमवारी बघते तर तिच्या तळाशी पांढरा साका बसलेला. नेताना ते पाणी माझ्या मूळ पाण्यापेक्षाही स्वच्छ होतं हे मला तेव्हा आठवलं. मी धुरकट दिलं होतं आणि चकचकीत परत आलं होतं, आणि मी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

समोर मुलांच्या प्रॅक्टिकलचा पसारा होता. पोटॅशियम आयोडाइडची बाटली हाताशीच होती. परीक्षानळीत थोडं पाणी घेऊन चार थेंब टाकले. नळीभर हळदीसारखा पिवळा धमक गाळ. ही परीक्षा मी मुलांकडून इतक्यांदा करून घेतली होती की झोपेत सांगितलं असतं. शिसं.

माझ्या बाटलीत शिसं कुठून आलं? निकेलमध्ये नाही, चिंचेत नाही, पुण्याच्या भांड्यात नाही. उरला कारखाना. वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा सणासारखा उजळला. “मी काय म्हनत हुतो! आता धरू त्यास्नी.” मलाही तसंच वाटलं. चीफ केमिस्टांची ती उलटसुलट वाचलेली चिठ्ठी डोळ्यांपुढे आली. पुढच्या रविवारी आम्ही दोघं लढाईला निघाल्यासारखे निघालो.

शिफ्टच्या केमिस्टांपुढे मी नळी धरली. “यात शिसं आहे.”

ते नळीकडे बघून म्हणाले, “असणारच. मीच घातलं.”

“तुम्ही?”

“गढूळ होतं ना, ताई. गढूळ असलं तर पोल दिसत नाही. लेडची पावडर चिमूटभर घालायची, हलवायचं, गाळायचं, मग नळी भरायची. इथं लेड घातल्याशिवाय काहीच पुढे जात नाही. रस असो, मळी असो.” मग जरा काळजीने, “का? बिघडलं का काही?”

वडील माझ्याकडे बघत होते. त्यांना भांडण हवं होतं आणि भांडायला कुणी नव्हतं. हा माणूस आयुष्यभर जे करत आला तेच त्याने माझ्यासाठी आणखी काळजीपूर्वक केलं होतं. रसातला मळ शिशाने खाली बसतो आणि साखरेला तितकासा धक्का लागत नाही. पण माझा रेणू साखर नव्हता. त्याच्या अंगावरच्या ऑक्सिजनला शिशाने धरलं की त्याचं वळण पार बदलू शकतं. किती आणि कसं, ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही. एवढं कळत होतं की शिसं लागलेल्या बाटलीची साक्ष धरता येत नाही. आणि साध्या निकेलचा शून्य शिशानेही शून्यच राहिला, कारण तिथे डावे-उजवे बरोबरीचे होते. दोघांचंही वळण सारखंच वाढलं असणार आणि एकमेकांत फिटलं असणार. ज्या शून्याने माझी खात्री पटवली होती तो शून्य काहीच सांगत नव्हता.

“शिसं न घालता बघाल का?” मी विचारलं. सुदैवाने मूळ माल थोडा उरला होता.

त्यांनी बघितलं. साध्या कागदातून दोनदा गाळलं, नळी भरली, आणि या वेळी चीफ केमिस्टांची नजर चुकवून मला कठड्याच्या आत घेतलं. मी डोळा लावला. गोल उजेड, मधोमध दुभंगलेला, एक बाजू काळसर. मूठ फिरवत दोन्ही बाजू सारख्या करायच्या. त्यांनी केल्या. काटा शून्याच्या डावीकडे गेला, पण जेमतेम. हिशेब केला. शंभरातले साठ डावे, चाळीस उजवे. चिंचेचा गुण लागला होता, पण अगदी थोडा. जपान्यांच्या पुढे राहू दे, मी त्यांच्या बरीच मागे होते.

बाहेर येऊन वडिलांना सांगितलं तर ते चिडले. “आधी जास्ती सांगितलं, आता कमी. आकडा खाली आनायची सवयच हाय यांची. आमचा बी असाच आनत्यात. तू पुण्याच्या सायेबाला पैलाच सांग. तो एकदा सांगितलाय न्हवं?”

खरं सांगते, मला तो सल्ला पटला होता. पहिला आकडा सांगून झालाच होता. गप्प बसायचं तेवढं बाकी होतं. शिशाचं मला माहीत, केमिस्टांना माहीत, आणि पिवळा गाळ मोरीत गेलेला. जागा मिळाल्यावर पुढे वर्षं होती, तेव्हा हळूहळू आकडा खाली आणता आला असता. राहात्याहून निरोप आला होता की मंडळी अजून थांबलेली आहेत. मी तो आठवडा अंगात ताप असल्यासारखा काढला.

शेवटी सांगायचं ठरवलं ते फार मोठ्या मनाने नव्हे. मला भीती होती की आज ना उद्या दुसरं कुणीतरी यंत्रात डोळा लावेल. माझ्याच घरचं वाण मला गप्प बसू देत नव्हतं. कुणीतरी तपासणार, हे मी गृहीतच धरलं.

पुण्याला वडील बरोबर आले. ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मी आत गेले. शिशाचं सगळं सांगितलं. नवा आकडा सांगितला. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. त्यावर माझाच नवा आकडा होता, दशांशात थोडा फरक.

“तुमची अर्धी बाटली मी मुंबईला मित्राकडे पाठवली होती,” सर म्हणाले. “त्याच्याकडे पोलॅरिमीटर आहे.”

“कधी?”

“तुम्ही पहिला आकडा सांगितलात, त्याच आठवड्यात.”

“मग मला का सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही काय करता ते कळलं नसतं.” त्यांनी चष्मा लावला. “जागा तुमची. जूनमध्ये या.”

आनंदाने उडी मारावी असं ते वाक्य. मी ‘हो सर’ म्हटलं आणि बाहेर आले. मला संताप आला होता. मी ताप आल्यासारखी तडफडत होते तेव्हा या माणसाच्या खणात उत्तर पडलेलं होतं, आणि तो मी कुठल्या बाजूला वळते ते बघत बसला होता.

आम्ही नगरची गाडी धरली. शिरूरच्या अलीकडे त्यांनी विचारलं, “मिळाली न्हवं जागा? मग तोंड का असं?”

मी सांगितलं. सरांनी गुपचूप तपासून घेतलं, मला पारखलं, आणि मला पत्ता लागू दिला नाही. मला वाटलं आण्णा भडकतील. कठड्याशी त्या ऊसवाल्याच्या अंगावर गेले होते तसे. ते मान डोलावत होते.

“मानूस बेस हाय,” ते म्हणाले. “बघून घेतो. मी बी तेच केलं आस्तं.”

“माझ्या बाबतीत?”

“केलंच की.”

मला कळलं नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अगदी सहज, पाणीपावसाचं बोलावं तसं बोलले.

“तरनी पोर, बाटली घिऊन बाप्यांच्या लॅबात जाती, पुन्याला जाती. म्हनलं खरंच कायी शिक्शन हाय का दुसरंच कायतरी. लोकाचं सोड, मलाच झोप न्हवती. म्हनून तर कारखान्यात दर खेपेला येत हुतो मी, आन् आज पुन्याला बी. रिकव्हरीचं काय, ते आमी सभेत बी इचारतो.”

गाडी चालली होती. खिडकीतून धूळ येत होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि ते समोर बघत होते, सुखी, काम झालेल्या माणसासारखे.

“आता कसं, खात्री पटली,” ते म्हणाले. “जूनपासनं एकटी जा. मी न्हाई येत.”